दोन बोटं जास्त

श्रावणातली झड लागली आहे. आज सहावा दिवस. पाऊस पडतो म्हणावं तर तो धड पडत नाही, थांबला म्हणावं तर दोरीवरचं एक धोतर वाळत नाही. घरभर ओल्या कपड्यांचा आंबूस वास भरला आहे आणि दाराशी नातीचे शाळेचे बूट पालथे घालून ठेवले आहेत. काळे, चामड्याचे, पुढून फुगलेले. त्यांच्या पोटात जुनी वर्तमानपत्रं कोंबली आहेत. सकाळी ती काढली तरी बूट ओलेच असतात आणि पोरगी तोंड वाकडं करून त्यांत पाय घालते. शाळेचा नियम आहे म्हणे, काळे बूट आणि पांढरे मोजे. नियम करणाऱ्याने जालन्याचा पावसाळा बहुधा खिडकीतून पाहिला असावा.

परवा सुनेबरोबर नवे बूट घ्यायला गेलो. जाऊ नये असं सगळ्यांचं मत होतं, कारण मी दुकानात वाद घालतो. मी वाद घातलाच. पट्ट्याच्या रबरी सँडल द्या, पाणी आत आलं तर बाहेरही जाईल, म्हणालो. सून म्हणाली, शाळेत चालत नाहीत. मग दुकानदाराने तोच काळा बूट काढला, पोरीच्या पायात घातला, अंगठ्याने पुढचं टोक दाबून पाहिलं आणि सहज म्हणाला, "एक नंबर मोठा घ्या बाबा, वाढता पाय आहे." सून लगेच तयार झाली. मी मात्र असा काही आवाज चढवला की शेजारच्या गिऱ्हाइकाने मागे वळून पाहिलं. बिलकुल मोठा नको, आज पाय जेवढा आहे तेवढाच द्या, म्हणालो. सुनेने घरी येऊन मुलाला सांगितलं की बाबांचं आता वय झालं. झालंच आहे. पण ते कारण नव्हे.

मी चौतीस वर्षं मास्तरकी केली. पोरांच्या तोंडाआधी त्यांचे पाय बघायची मला खोड. पावसाळ्यात तर पाय बघूनच कळायचं, कोण कुठल्या शिवारातून आलं आहे. आमच्या मुलखातली काळी माती ओली झाली की तिच्यासारखी हट्टी वस्तू नाही. वहाण घालून निघालात तर शंभर पावलांत तळाला चिखलाची दुसरी वहाण चढते, आणखी शंभर पावलांत तिसरी. पाय उचलत नाही. मग थांबायचं, काडीने खरवडायचं, पुन्हा चालायचं. ओलं चामडं फुगतं, टाके सुटतात, अंगठा बाहेर येतो. म्हणून आमच्याकडे पावसाळ्यात शहाणी माणसं पायात काही घालतच नसत. आमचे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, मृगाच्या आधी आपल्या वहाणांना करडीचं तेल पाजून त्या खुंटीला टांगत, त्या दसऱ्यापर्यंत खाली येत नसत. पाय धुता येतो, चामडं धुता येत नाही, असं ते म्हणत. ते खरंच होतं. जोड्यांच्या बाबतीत अण्णांचं कधी चुकत नसे.

आमचं गाव परतूरपासून दीड कोसावर. गावात शाळा नव्हती. मी सात वर्षांचा झालो तेव्हा मला परतूरच्या शाळेत घालायचं ठरलं. मधे ओढा आणि दोन ठिकाणी बैल रुतेल असा चिखल. एवढंसं पोर एकटं कसं जाणार, म्हणून माझ्या मोठ्या बहिणीला सोबत धाडलं. तिचं नाव कौसल्या. मी तिला अक्का म्हणे. ती तेव्हा अकरा वर्षांची होती. तिला शाळेत घालावं असं कुणाच्या मनातही नव्हतं. तिने मला पोचवायचं, शाळा सुटेपर्यंत बसायचं आणि परत आणायचं, एवढंच काम. चिखल आला की ती खाली बसे, मी तिच्या पाठुंगळी चढे. माझी पाटी तिच्या दातांत, कारण तिचे दोन्ही हात माझ्या मांड्यांखाली अडकलेले. तिच्या मानेला घामाचा आणि भाकरीचा वास यायचा. माझे पाय कोरडे राहत.

शाळेच्या ओसरीवर ती बसून राही. आठ-पंधरा दिवसांनी गुरुजींना तिची कीव आली की कटकट झाली कुणास ठाऊक, त्यांनी तिला आत बोलावलं आणि हजेरीच्या पुस्तकात नाव घातलं. कडेला तिच्यासाठी तरटाचा तुकडा टाकला. वर्षात तिने दोन इयत्ता मागे टाकल्या. मी पहिलीतच रेंगाळत होतो. निजामाचं राज्य, तेव्हा उर्दूही आलीच. मौलवीसाहेब शिकवत. मला ती अक्षरं पाण्यात वळवळणाऱ्या किड्यांसारखी वाटायची. अक्का मात्र घरी जाताना वाट सोडून मला स्टेशनाकडे नेई आणि फलाटावरच्या पाटीवरचं गावाचं नाव उजवीकडून डावीकडे वाचून दाखवी. पुन्हा पुन्हा तेच नाव. मी कंटाळून जाई. त्या वेळचा तिचा चेहरा आठवला की मला अजून बरं वाटत नाही.

दुसऱ्या पावसाळ्यात तिचे पाय गेले. म्हणजे चिखल्या झाल्या. आता कुणाला हा शब्द तरी माहीत असेल का कोण जाणे. रोज ओल्यात राहून बोटांच्या बेचक्यांतली कातडी पांढरी पडते, मग फाटते, मग आतलं लाल मांस दिसतं. आधी खाज, मग आग. त्यात मी आठ वर्षांचा, अंगाने बरा. माझं वजन त्या पायांवर. ती चालताना टाचांवर चाले. आमची माय संध्याकाळी मेंदीचा पाला वाटून तिच्या बोटांत भरे आणि फाटलेल्या टाचेला बिब्ब्याचा चटका देई. अक्का डोळे मिटून परकराचा बोळा तोंडात धरून बसायची. सकाळी मेंदी धुतली जायची आणि आम्ही पुन्हा चिखलात. एक दिवस ओढ्यात तिचा पाय घसरला आणि मी पाटीसकट पाण्यात पडलो. नाकातोंडात पाणी गेलं, एवढंच झालं. पण घरी हलकल्लोळ झाला.

अण्णांनी दोन दिवस विचार केला आणि मग ठरवलं की मला जोडे आणायचे. ते घाई करणारे नव्हते, नीट विचार करून ठरवणारे. गावच्या कारागिराची जड वहाण नको, ती चिखल धरते. शहरातला बंद बूट नको, तो पाणी धरतो. जालन्यात लॉरीच्या जुन्या टायरचा तळ कापून त्यावर चामडी पट्ट्या ठोकलेले जोडे निघाले आहेत, असं त्यांनी ऐकलं होतं. टायर कुजत नाही. त्याला खाचा असतात म्हणून घसरत नाही. मागे टाचेला पट्टा आणि बक्कल, म्हणजे चिखलाने ओढून घेतला तरी पायातून सुटत नाही. वरून उघडा, म्हणजे पाणी आलं तसं जातं. आजही एखाद्याने मला विचारलं की पावसात शाळेच्या पोराला काय घालावं, तर मी याहून शहाणं काही सांगू शकणार नाही. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवायची होती, तिची पट्टी आणायला ते जालन्याला जाणारच होते. त्या खेपेत जोडे आणू, म्हणाले.

आणि जेवताना पुढचं वाक्यही सांगून टाकलं. जोडे आले की पोरगा आपल्या पायाने जाईल, मंग कौसाचं काय काम. तिचे पायही बरे होतील. ते हे प्रेमानेच म्हणाले. तिचे पाय बघून त्यांना वाईट वाटलं होतं. अक्काने हातातला घास खाली ठेवला नाही, खाल्ला. माय चुलीपुढे होती, तिने पुढची भाकरी थापायला घेतली.

माय सहसा बोलत नसेच. तिच्याविषयी एक गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती. मी रांगता असताना तिने आपल्या भावाला न विचारता एक पोतं जोंधळा दिला होता. अण्णांना ते कळलं तेव्हा त्यांनी तिला माहेरी नेऊन सोडलं. मी तिच्या कडेवर, अक्का मात्र इकडेच. सहा महिने ती तिकडे होती. मग चार वडीलधारी माणसं मधे पडली आणि ती परत आली. तेव्हापासून 'न विचारता' हा शब्द आमच्या घरात कोपऱ्यात ठेवलेल्या काठीसारखा होता. कुणी तो उच्चारत नसे, पण तो तिथे आहे हे माहीत असे.

माप घ्यायची आमच्याकडे सोपी रीत. अंबाडीची सुतळी टाचेशी धरायची, अंगठ्याच्या टोकाला आणायची आणि तिथे गाठ मारायची. ती सुतळी घेऊन मोठ्या माणसाने बाजाराला जायचं. पोरांना कशाला न्यायचं? आणि बाजारात गाठीच्या पुढे दोन बोटं धरून जोडा घ्यायचा, कारण पोरांचा पाय काही थांबत नाही. ही दोन बोटं बाजार करणाऱ्या सगळ्या पुरुषांना ठाऊक, ती कुणी कुणाला सांगत नसे. अण्णांनी मायला सांगितलं, पोराच्या पायाचं माप काढून ठेव. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीतल्या देवळीत गाठ मारलेली सुतळी होती. ती त्यांनी पगडीच्या घडीत खोवली आणि परतूरला जाऊन गाडी धरली.

ते परत आले तेव्हा दिवस मावळायला होता आणि झड चालूच होती. लोखंड ओसरीवर ठेवून त्यांनी आधी जोडेच काढले. त्यांना इतकं खुशीत मी क्वचित पाहिलं होतं. जोडेवाल्याने सुतळी बघून विचारलं म्हणे, पोरगा केवढा आहे. आठ वर्षांचा म्हटल्यावर तो म्हणाला, मंग हा पोरगा चांगला उंचापुरा निघणार, पाय सांगतो. हे अण्णांनी मला, मग मायला, मग दाराशी आलेल्या शेजाऱ्याला सांगितलं. त्यांनी माझा पाय कधी हातात धरून पाहिला नव्हता. बापांची तशी पद्धतच नव्हती. त्यामुळे आपल्या पोराचा पाय एवढा मोठा आहे यावर त्यांनी जालन्यापासून घरापर्यंत आनंदाने विश्वास ठेवला.

मी जोड्यांत पाय घातले. माझ्या टाचेमागे माझा अख्खा पंजा मावेल एवढी जागा उरली. बक्कल शेवटच्या भोकात घातलं तरी पट्टा लोंबत होता. शेजारी हसला आणि गेला. तो हसला नसता तर कदाचित पुढचं सगळं वेगळं झालं असतं, असं मी पुष्कळ दिवस मानत होतो.

अण्णांनी अगदी हळू आवाजात विचारलं, माप कुणी घेतलं. आणि मी, ज्याला कुणी विचारलं नव्हतं, मोठ्या हुशारीने म्हणालो, "माझ्या पायाला तर कुणी सुतळी लावलीच न्हाई."

खरं तेच बोललो होतो. गुरुजी खरं बोलायला सांगत. माय परातीत पीठ मळत होती, तिचे हात पिठातच थांबले. अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. तेवढ्यात अक्का दाराशी होती ती पुढे आली आणि म्हणाली, "मी घेतलं. माझ्याच पायाचं."

त्यांनी तिला हात लावला नाही. मारलं असतं तर बरं, असं काही वेळा असतं. जोड्यांकडे बघत ते एवढंच म्हणाले, "शाळेत जाऊन हेच शिकून राह्यली का." आणि मग, "उद्यापासून घरी बस." मी अक्काच्या पायांकडे बघत होतो. मला राग आला होता. माझ्या जोड्यांचं वाटोळं केलं म्हणून. ते जोडे तिलाही मोठेच झाले असते, दोन बोटं. म्हणजे हिने एवढी लबाडी करून मिळवलं काय, असं माझ्या त्या वयाच्या डोक्यात आलं. ते तिथून जायला चाळीस वर्षं लागली.

जोडे परत करायला जालन्याला कोण जाणार. अण्णांच्या हातून वस्तू फुकट जात नसे. चिंध्या भर पुढं, म्हणाले, आणि वापर. मायने अक्काचा जुना परकर फाडला. दुसरे फडके घरात नव्हते असं नाही. तिने तोच काढला, त्याच्या लाल किनारीच्या पट्ट्या केल्या आणि एकेक करून जोड्याच्या टोकाशी चामड्याखाली दाबून बसवल्या. कितीतरी वेळ दाबत होती.

दुसऱ्या दिवसापासून मी शेजारच्या मोठ्या पोरांमागून जाऊ लागलो. फटक फटक असा आवाज करत. चिंध्या पहिल्या ओढ्यातच भिजायच्या आणि दिवसभर ओल्या राहायच्या. उघड्या जोड्याचा जो काही गुण होता तो त्या चिंध्यांनी घालवला. महिन्याभरात मलाही चिखल्या झाल्या. माझ्या बोटांत मेंदी भरायला आता अक्काच बसायची. तिचे पाय बरे होत चालले होते. अण्णा म्हणाले होते तसंच. एकदा चिखलात जोडा रुतला, मी पाय ओढला तर पाय आला आणि मागे लाल किनारीचा बोळा चिखलावर पडला. पोरांनी तो काठीवर घेऊन नाचवला. मी रडलो नाही, पण तो परत मागितलाही नाही.

गुरुजींनी दोन-तीनदा विचारलं, बहीण का येत नाही. मी सांगितलं, पाय दुखतात. मग एके दिवशी त्यांनी हजेरी घेताना तिचं नाव घेतलं नाही. तरटाचा तुकडा काही दिवस तसाच होता, नंतर त्यावर पाण्याचा माठ ठेवला.

संध्याकाळी मी आलो की अक्का माझे पाय धुवायला पाणी घेऊन यायची आणि विचारायची, आज काय झालं. सुरुवातीला मी सांगत असे. ती माझीच पाटी घेऊन गणितं सोडवी. मौलवीसाहेबांचा धडा मला नीट सांगता येत नसे, तर ती चिडायची आणि पुन्हा विचारायची, मग मला तिचा कंटाळा येऊ लागला. एकदा, ज्या दिवशी पोरांनी मला जोड्यांवरून फार पिडलं होतं, मी तिला म्हणालो की आज काहीच शिकवलं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पाणी ओतलं. दुसऱ्या दिवशीही मी तेच सांगितलं. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं नाही. त्यानंतर कधीच नाही.

दिवाळीच्या सुमारास तहसिलीतून शेतसाऱ्याबद्दल काही कागद आला. उर्दूत. असे कागद आले की पूर्वी अण्णा परतूरला कुणाकडून तरी वाचून घेत. मधल्या वर्षभरात अक्का वाचून दाखवी आणि अण्णा कौतुक लपवत ऐकत. या वेळी कागद आला तेव्हा अक्का समोरच ज्वारी निवडत बसली होती. अण्णांनी कागद हातात धरला, उलटा-सुलटा केला, घडी घातली, खिशात ठेवला आणि परतूरला निघाले. दीड कोस जायचं आणि दीड कोस यायचं. अक्काने सूप खाली ठेवलं नाही. मला वाटतं त्या दिवशी तिची शाळा खरी सुटली.

आता वाटतं, अण्णांना दुष्ट म्हणता आलं असतं तर किती सोपं झालं असतं. पण त्यांनी जोडा बराबर निवडला होता, मुलीचे पाय बरे व्हावेत म्हणूनच निवडला होता. त्यांनी फक्त कुणाच्या पायाकडे पाहिलं नव्हतं. आणि मी तर तिच्या पाठीवर बसून गेलो होतो. तिचे पाय माझ्या वजनाने गेले आणि ते गेले म्हणून जोडे मला आले. मास्तर असताना मी हा हिशेब पुष्कळ वेळा मनात मांडला, कधी जुळला नाही. फक्त माझ्या वर्गात चिखलाच्या पायाने आलेल्या पोराला मी कधी बाहेर उभं केलं नाही.

तेराव्या वर्षी अक्काचं लग्न झालं. सासर जाफराबादला. चांगले शेतकरी लोक. जोडे माझ्याकडेच राहिले. पट्ट्या दोनदा बदलल्या, तळ काही झिजला नाही. दर पावसाळ्यात एकेक चिंधी कमी होत गेली. मी बाराव्या वर्षात आलो आणि ते मला अगदी बराबर झाले, तर त्याच साली राज्यात धामधूम माजली. रझाकारांच्या भीतीने घरंच्या घरं उठू लागली, शाळेत कुणी जाईना. जाफराबादपासून सरहद्द जवळ, पलीकडे हिंदुस्थान. वेळ आली तर ओलांडता येईल म्हणून अण्णांनी मायला आणि मला अक्काकडे धाडलं. रेल्वेने जालना, पुढे बैलगाडी. पावसाळाच होता. शेवटचे दोन कोस उरले तेव्हा गाडी रुतली आणि आम्ही चालत गेलो. मी जोड्यांत, माय अनवाणी. त्या दिवशी ते जोडे जसे चालायला हवे होते तसे चालले. फक्त वाट शाळेची नव्हती.

अक्का दारात उभी होती. पोटुशी होती. तिने आधी माझ्या तोंडाकडे नाही, पायांकडे पाहिलं. आम्हाला पाणी दिलं, मग जोडे धुऊन भिंतीशी टेकवून ठेवले. थोड्या वेळाने मी मागच्या दाराने आलो तर ती एका जोड्यात पाय घालून उभी होती. बक्कलही लावलं होतं. मी विचारलं, बसतो का. ती म्हणाली, "बसतो. आता बराबर बसतो." मग तिने पाय काढून घेतला, पदराने जोडा आतून पुसला आणि पुन्हा भिंतीशी ठेवला. माय आत बसली होती, तिथून तिला सगळं दिसत होतं.

मला नोकरी लागल्यावर पहिल्या पगारात मी मायला चपला आणल्या. तिने त्या हातात घेतल्या, कपाळाला लावल्या आणि ट्रंकेत ठेवल्या. पुढे दोनदा आणल्या. दोन्ही वेळा तेच. आपल्याला सवय न्हाई, म्हणायची. पावसाळ्यात चिखलातून मंदिरात जायची, शेतात जायची, टाचा फुटून रक्त यायचं, पण पायात काही घातलं नाही. आम्ही तिला हट्टी म्हणायचो. ती गेली तेव्हा ट्रंकेत तिन्ही जोड कोरे निघाले.

माय गेली त्याच पावसाळ्यात मी अक्काकडे आठ दिवस राहिलो. ती पन्नाशी ओलांडून गेली होती. लहानपणीच्या चिखल्या दर श्रावणात परत यायच्या, शेतात गेली नाही तरी यायच्या. तिच्या सुनेने मेंदी वाटून दिली होती. अक्काला आता वाकता येत नव्हतं, म्हणून मीच वाटी घेऊन तिच्या पायांशी बसलो. बोलता बोलता जुनी शाळा निघाली, तो ओढा निघाला. मी हसत म्हणालो, म्हणजे हसण्यावारी नेत, की तू तेव्हा ती मापाची लबाडी केली नसतीस तर आणखी चार इयत्ता तरी शिकली असतीस.

तिने पायाची बोटं फाकून मला आणखी मेंदी भरू दिली. बाहेर झड चालू होती. मग म्हणाली, "ती सुतळी मायनं धरल्ती."

मी वर पाहिलं. ती सांगत होती तेही फार सावकाश, जणू दुसऱ्या कुणाचं. दुपारची वेळ होती, तू वासरापाशी खेळत होतास. माय आली, पाय दे म्हणाली, गाठ मारली आणि गेली. तिचा बेत होता की जोडे तुला मोठे झाले म्हणजे अण्णा म्हणतील, पोरगा वाढेपर्यंत कौसाला घालू दे. अण्णा काही वाया घालवत नसत, हे ती जाणून होती. मग पाय बरे राहतील आणि शाळाही राहील. सगळं बराबर धरलं होतं तिने. अण्णा वर दोन बोटं धरतील आणि जोडे तुलाच काय, मलाही मोठे होतील, तेवढंच तिच्या ध्यानात राहिलं नाही. आयुष्यात कधी जोडा घ्यायला गेली असती तर राहिलं असतं.

मला परातीत थांबलेले ते हात दिसले. लाल किनारीचा बोळा दाबत बसलेली माय दिसली, आणि ट्रंकेतल्या चपला. आणि माझं ते शहाणपणाचं वाक्य, जे मला कुणी विचारलंच नव्हतं. मी म्हणालो, "मंग तू का न्हाई सांगितलं, अक्का? तुझी शाळा गेली."

"मायला त्याच घरात राह्यचं होतं," ती म्हणाली. "मला तर जायचंच होतं, आज न्हाई उद्या."

एवढं बोलून तिने दुसरा पाय पुढे केला.